डाव्या कडेची म्हातारी

मी एक जुना सिनेमाचा प्रोजेक्टर आहे. तिकीट काढून आत शिरलात की उजव्या हाताला दोरीच्या कुंपणात उभा दिसतो तो मीच. माझ्या गळ्यात 'हात लावू नये' अशी पाटी आहे, आणि तुम्ही सगळे हात लावून जाता. लावा मित्रांनो, मला राग नाही. मला तुमच्याकडून एक काम करून हवं आहे. ते मोठ्यांना सांगून उपयोग नाही, त्यांना माझं बोलणं ऐकू येत नाही.

माझा जन्म एका कारखान्यातला. लोखंड ओतलं, चाकं बसवली, शेवटी कापसात गुंडाळून आणलेलं भिंग तोंडाशी लावलं आणि मला दृष्टी आली. मग एका लाकडी खोक्यातून मी या थिएटरच्या वरच्या केबिनमध्ये आलो. तिथे मला माझा ऑपरेटर भेटला. तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. पहिल्याच दिवशी त्याने स्वतःच्या शर्टाने माझं भिंग पुसलं आणि मालकाची बोलणी खाल्ली. पुढे एकतीस वर्षं आम्ही एकत्र काम केलं. डोळे मिटूनसुद्धा तो माझ्यात फिल्म भरायचा. खाली तिकिटाच्या खिडकीत त्याची धाकटी बहीण बसायची. केबिनमध्ये एक बटण होतं. ते दाबलं की तिच्याकडे घंटी वाजायची आणि ती चहा घेऊन वर यायची.

ऑपरेटरचा एक लाडका दिग्दर्शक होता. त्याचे सिनेमे विनोदी, पण त्यातलं कोणीही हसायचं नाही. सगळे आपले गंभीर चेहऱ्याने पडद्याच्या बरोब्बर मधोमध उभे. भिंती पिवळ्या, दारं निळी, दोन्ही बाजूंना मोजून तितक्याच खिडक्या. एखाद्या शिस्तीच्या मावशीने लावलेलं कपाट उघडावं तसं प्रत्येक चित्र. आणि त्या टापटिपीत मधोमध काहीतरी असं बिनसायचं की लोक पोट धरून हसायचे. ऑपरेटर तर आधीच हसून घ्यायचा, कारण पुढे काय होणार हे त्याला पाठ असायचं. त्या दिग्दर्शकाचा सिनेमा आला की माझं भिंग दोनदा पुसलं जाई. मलाही तेव्हा फार मिरवावंसं वाटायचं.

मग आमच्या शेवटच्या वर्षी ऑपरेटर तिरका बघायला लागला. समोरच्या माणसाशी बोलताना मान वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून. चहा कपाच्या शेजारी ओतायला लागला. मला कळलं. त्याच्या नजरेतला मधला भाग विझत चालला होता. जिकडे बघावं तिथेच काळा डाग, आणि दिसायच्या त्या फक्त कडा. त्याने हे कोणालाही सांगितलं नाही, डॉक्टरलाही नाही. सांगितलं तर केबिन सुटेल या भीतीने तो वर्षभर जीव मुठीत धरून काम करत राहिला. आणि माझं बोलणं तर त्याला ऐकू येत नाही.

अशात त्या दिग्दर्शकाचा नवा सिनेमा आला, दोनच दिवसांसाठी. सात मजली इमारत, सात रंगांचे सात मजले, आणि एका पोपटाच्या नावाने आलेलं पत्र पोहोचवायला निघालेला गंभीर पोस्टमन.

आता एक गोष्ट नीट ऐका. माझं भिंग जुन्या घडणीचं. चित्राचा मध्य लख्ख केला की कडा जरा पुसट होतात, आणि कडा लख्ख केल्या की मध्य विरघळतो. ऑपरेटरला दिसत होत्या फक्त कडा. त्याने त्या बघून फोकस लावला. शुक्रवारी दुपारी पडदा उजळला तर खिडक्या सुरीसारख्या धारदार आणि मधला पोस्टमन म्हणजे पाण्यात पडलेला शाईचा ठिपका. सगळा विनोद त्या ठिपक्यात होता. लोक शिट्ट्या मारू लागले, पाय आपटू लागले. मालकाने धावत वर येऊन खेळ थांबवला. ऑपरेटर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "मशीन म्हातारं झालंय. भिंग गेलंय त्याचं."

मित्रांनो, त्या क्षणी माझा दिवा आपोआप विझला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मेकॅनिक आला. त्याने मला उघडून, ठोकून, चालवून पाहिलं आणि मशीनला काहीही झालेलं नाही असं सांगून टाकलं. नाचता येईना अंगण वाकडं, असं जाता जाता पुटपुटलाही. ऑपरेटर म्हणाला, हे असंच आहे, तपासताना शहाण्यासारखं वागतं आणि खेळाच्या वेळी दगा देतं. मालकाने हात टेकले. उद्या पुन्हा असं झालं तर हे धूड भंगारात घालणार, असं बजावून तो गेला. केबिनमध्ये आम्ही दोघंच उरलो. ऑपरेटरने मला हात लावला नाही. मी आतून ओरडत होतो, अरे, तिला सांग, बहिणीला तरी सांग.

शनिवारी दुपारी शेवटचा खेळ. पुन्हा कडा लख्ख, पुन्हा मध्य धूसर, पुन्हा शिट्ट्या. आणि त्या गोंधळात ऑपरेटर एकटाच हसला.

पडद्याच्या डाव्या कडेला, दर मजल्यावरच्या शेवटच्या खिडकीत, तीच एक म्हातारी बसली होती. मधल्या गमतीत गुंतलेल्यांनी तिच्याकडे कधीच बघितलं नसतं. ती सुईत दोरा ओवत होती. ओवता येईना. मग ती सुईवरच डाफरली आणि सुई खिडकीबाहेर फेकून दिली. पुढच्या मजल्यावर नवी सुई, तेच डाफरणं, तीही बाहेर. तिसऱ्या मजल्यावर तो गुडघ्यावर थाप मारून हसला. चौथ्यावर सुई बाहेर गेली आणि त्याचं हसू थांबलं. तो मान तिरकी करून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने बटण दाबलं.

बहीण चहाशिवायच धावत आली. खाली मालक मला भंगारात न्यायला हमालांना हाक मारत होता.

"मशीन चांगलं आहे गं," तो म्हणाला. "मला दिसत नाही. मधलं काहीच दिसत नाही."

"कधीपासून, दादा?"

"वर्ष झालं."

ती रडली नाही, रडायला वेळच नव्हता. तिने केबिनच्या पडद्याकडच्या छोट्या खिडकीला डोळा लावला आणि त्याला भिंगाची कडी फिरवायला सांगितली. अजून. जरा अजून. थांब. आणि पोस्टमन त्याच्या मिशीच्या केसांसकट लख्ख झाला. क्षणभर सगळं शांत, आणि मग असा हशा उसळला की केबिनची काच थरथरली. बहिणीने एवढ्या वर्षांत एकही सिनेमा पुरता पाहिला नव्हता. ती त्याला सांगायला लागली, पोस्टमनने टोपी काढली, टोपीत पोपट, आणि पुढचं तिला हसू आवरून सांगताच येईना.

पण मध्य लख्ख झाला तशा कडा पुसट झाल्या. ऑपरेटरला दिसत होतं तेवढंही गेलं. त्याने ते जाऊ दिलं. कडी घट्ट धरून तो शेवटपर्यंत उभा राहिला. दिवे लागल्यावर त्याने विचारलं, "त्या म्हातारीचं काय झालं?"

"कुठली म्हातारी?" बहीण म्हणाली.

त्याच संध्याकाळी फिल्म डब्यांत भरून पुढच्या गावी गेली. ऑपरेटरने मालकाला स्वतःच खरं काय ते सांगितलं. मालकाने हमालांना परत पाठवलं. मी भंगारातून वाचलो, आणि केबिनमध्ये नवं मशीन आलं, ज्याला ऑपरेटर लागत नाही. डॉक्टर म्हणाले, वर्षभर आधी आला असतात तर निम्मी नजर वाचली असती. आता कडाही विझल्या आहेत.

दर शनिवारी तो बहिणीचा हात धरून माझ्याकडे येतो. माझी कडी चाचपतो आणि हळूच विचारतो, "ओवला का रे तिने दोरा?" मला माहीत आहे. हशात शेवट कोणालाच ऐकू आला नाही, पण सगळी फिल्म माझ्या घशातूनच गेली आहे. पण मी कितीही ओरडलो तरी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो, मित्रांनो. पडदा धूसर दिसला तर शिट्टी मारण्याआधी एकदा मागे वळून त्या छोट्या खिडकीकडे बघा. तुमचं स्वतःचं काही धूसर झालं तर लपवू नका, त्याच दिवशी घरच्यांना सांगा. आणि शनिवारी इथे पांढरी काठी घेतलेला माणूस दिसला, तर त्याला माझा एवढा निरोप द्या. सातव्या मजल्यावर म्हातारीने सुई फेकली नाही. तिने पोस्टमनला हाक मारली आणि म्हणाली, मला दिसत नाही, तू ओवून दे.