गोठ्याचा दोर

वच्छलाच्या मुलीला जन्मापासून दिसत नव्हतं. नाव सुभद्रा, पण घरात सगळे सुभीच म्हणत. चांदूर बाजारजवळच्या एका गावात, शेताला लागून त्यांचं घर. दोन भाऊ एकत्र राहत. थोरला खुशालराव, त्याची बायको रुख्मिणी आणि लग्नाला आलेली मुलगी माणिक. धाकटा जानराव, वच्छला आणि ही सुभी.

सुभी चालायला लागली तेव्हा शेजारणी म्हणाल्या, खाटेला बांधून ठेव, नाहीतर कुठं तरी पडेल. वच्छलाने तिला बांधलं नाही. मागच्या दारापासून गोठ्यापर्यंत खांब रोवले आणि त्यांना दोर ताणला. दोराला हात लावून सुभी वासराकडे जायची आणि तशीच परत यायची. गुडघे फुटले, कपाळ फुटलं, पण सहा-सात वर्षांची होईतो ती मागचं अंगण एकटी फिरू लागली. खुशालरावाचाही तिच्यावर जीव होता; ती त्याला मोठेबाबा म्हणायची. पोळ्याला तो तिला खांद्यावर घ्यायचा आणि रंगवलेल्या शिंगांवरून तिचा हात फिरवायचा.

मग अचलपूरची मंडळी माणिकला पाहायला आली. मुलगी पसंत पडली. निघता निघता मुलाच्या मामाला दोर धरून चाललेली सुभी दिसली.

"जन्माचीच का?" एवढंच त्याने विचारलं. त्यांचा निरोप पुन्हा आला नाही.

खुशालराव ओरडला असता तर वच्छलाला बरं वाटलं असतं. पण जेवताना सुभी बोलायला लागली की त्याचा घास हातातच थांबायचा. ती गप्प झाली की तो जेवू लागायचा. काही दिवसांनी अंजनगावचं स्थळ आलं, आणि पाहण्याचा दिवस ठरल्यावर तर तो सुभीचं नावही घेईना.

त्याच आठवड्यात एका दुपारी वच्छला कापूस वेचून घरी आली. सुभी मागच्या पायरीवर बसली होती. तिचे पाय चिखलाने भरले होते.

"माय, आज दोर लांब झाला व."

"लांब कसा होईन?"

"गोठा आलाच नाई. चालतच राहिली मी. मंग पायाखाली ओलं लागलं."

वच्छला धावत मागे गेली. दोर गोठ्याच्या खांबावरून सोडला होता, त्याला दुसरा दोर जोडला होता आणि त्याचं टोक विहिरीवरच्या मोटेच्या खांबाला बांधलेलं होतं. त्या बाजूला विहिरीला कठडा नव्हता. काठावरच्या चिखलात सुभीची पावलं काठापर्यंत जाऊन वळली होती.

ती परत आली आणि तिने मुलीला पोटाशी धरलं. "तुले कोणं वापस फिरवलं?"

"कोणंच नाई. मोठेबाबा होते तिथं. खोकलले. मी म्हटलं, मोठेबाबा, वासरू कुठी आहे? तं बोललेच नाई. मंग मले भेव वाटला."

संध्याकाळी तिने जानरावाला सांगितलं. 

"गुरांसाठी बांधला असन कोणं तरी."

"अन् मोठेबाबा बोलले काहून नाई?"

"दादा तसा नाई," जानराव म्हणाला आणि उठून बैलांना चारा टाकायला गेला. भावाला त्याने काही विचारलं नाही.

विचारलं ते रुख्मिणीने. चुलीपुढे बसून तिने सगळं ऐकून घेतलं, नवऱ्याच्या खोलीत गेली आणि थोड्या वेळाने बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिने वच्छलाचा हात धरला. "उद्याच जाय तू. भावाकडे जाय, अमरावतीले. माया पोरीचं लगीन होवो का न होवो, तू इथं राहू नको."

सकाळी बोचकं घेऊन वच्छला बाहेर आली, तर गाडी जुंपून तयार होती आणि पुढे खुशालराव बसला होता.

"जानराव वावरात गेला," तो म्हणाला. "मोटारीपर्यंत मी सोडतो." त्याला तोंडावर नाही म्हणायची रीत नव्हती; वच्छला सुभीला घेऊन मागे बसली.

रुख्मिणी दारातून म्हणाली, "मीबी येतो." तोवर गाडी हलली होती.

नाल्यापाशी झाडी दाट होती. रस्त्यावर माणूस नव्हतं. तिथे खुशालरावाने कासरा ओढला. गाडी थांबली. तो मागे वळला नाही. बैल शेपट्या हलवत उभे राहिले.

"मोठेबाबा, आलं का गाव?" सुभीने विचारलं.

 त्याचे खांदे वर-खाली होत होते. लग्न होऊन आल्यापासून वच्छला भासऱ्याशी, थोरल्या दिराशी, समोरासमोर एक शब्द बोलली नव्हती. तिने डोक्यावरचा पदर मागे सारला.

"गाडी हाका," ती म्हणाली. "नाईतं मी इथूनच बोंबलतो, साऱ्या शिवाराले ऐकू जाईन."

तो हलला नाही. ती सुभीला काखेत घेऊन खाली उतरली आणि पाण्यातून चालत निघाली. मागून गाडीचा आवाज आला नाही. मोटारीच्या थांब्यावर माणसं दिसली तेव्हा कुठे तिने मागे पाहिलं.

तिचा भाऊ सहदेव अमरावतीत कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. त्याने खोलीचा एक कोपरा दिला. वच्छला सरकी निवडायला जाऊ लागली. सुभी मामीबरोबर नळावर जायला, भाकरी थापायला, गल्लीतल्या पोरींबरोबर गाणी म्हणायला शिकली. पण घरी असताना ती जरा गप्प बसली की वच्छला कुठूनही हाक मारायची, आणि ओ ऐकू येईतो तिच्या हातातलं काम थांबायचं.

माणिकचं लग्न अंजनगावलाच झालं. पाहण्याच्या दिवशीच रुख्मिणीने स्वतः सोयऱ्यांना सांगितलं की आमच्या घरात आंधळी पोर आहे. ते म्हणाले, ते तं आमाले पहिलेपासून ठाऊक होतं.

जानराव शेत सोडून आला नाही. महिन्या-दोन महिन्यांनी तो ज्वारी, तूर घेऊन यायचा आणि सुभीला जवळ घेऊन बसायचा. उठताना दर वेळी एकच गोष्ट सांगायचा.

"दादा इचारून राहिला, सुभीले घरी कवा आणता म्हणून."

वच्छला त्याला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायची. परत आली की दार लावून आतून कडी घालायची.