बाटलीतलं पांढरं

"सिस्टर, बाटलीत दूध कसं आलं?"

बाळाचा बाप प्लंबर होता, आडवळणाने बोलणं त्याला ठाऊक नव्हतं. नऊ दिवसांच्या त्याच्या मुलीच्या छातीतून निघालेली नळी खाटेखालच्या बाटलीत उतरत होती. कालपर्यंत बाटलीत पिवळसर पाणी जमायचं. आज पांढरं होतं.

वॉर्डच्या मोठ्या सिस्टरने वाकून पाहिलं. पोर जन्मली तीच छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला भोक घेऊन. आतडी वर छातीत जाऊन बसलेली. ऑपरेशन करून ती खाली आणली, भोक शिवलं. आईचं दूध नाकातल्या नळीतून सुरू होऊन जेमतेम दोन दिवस झाले होते आणि आज सकाळी नऊचं दूध मोठ्या सिस्टरनेच दिलं होतं.

"डॉक्टरांना बोलावते," ती म्हणाली.

"बोलवा ना. पण नळाला दूध आलं म्हणजे टाकीत कुणीतरी ओतलंय. वीस वर्षं पाइपातच हात आहेत माझे. चुकीच्या नळीत घातलंत तुम्ही."

धाकट्या सिस्टरने कापसाचा डबा आवरायला घेतला. तो आवरलेलाच होता. खुर्चीतल्या आईला मात्र वेगळाच संशय. "माझ्या दुधातच काही खोट असेल का हो?" तिने हळूच विचारलं. मोठी सिस्टर तोवर फोनकडे गेली होती.

दूध ढकलण्याआधी नाकापासून सिरिंजपर्यंत नळीवरून बोट फिरवायचं, हे मोठ्या सिस्टरने एकतीस वर्षं शिकाऊ पोरींना शिकवलं होतं. जी विसरेल तिचा सगळ्यांसमोर उद्धार व्हायचा. आज नऊ वाजता लॅबचा फोन आला, तो तिने खांद्यात धरला आणि बोलता बोलता दूध दिलं. बोट फिरवलं होतं का? आठवून आठवून डोकं शिणलं, पण ते बोट काही डोळ्यांसमोर येईना. नोकरी गेली तर गेली. पण या एवढ्याशा छातीत आपणच दूध ओतलं असेल तर?

दुपारी तपासणीचा रिपोर्ट घेऊन डॉक्टर आले.

"ओतलेलं दूध नाही हे. अन्नातली चरबी वाहून नेणारी एक बारीक नलिका छातीतून जाते. या ऑपरेशननंतर क्वचित ती गळते, आणि दूध सुरू झालं की गळती पांढरी दिसते. सकाळी पाच मिली दिलं होतं, बाटलीत आजचंच पांढरं साठ आहे. घातल्यापेक्षा जास्त निघेल का?"

"म्हणजे आतली लाइन लीक आहे," प्लंबर म्हणाला.

"तसंच समजा. सध्या दूध बंद, पोषण शिरेतून. बहुतेक वेळा आपोआप थांबतं. नाही थांबलं तर पुढचं बघू." डॉक्टर आईकडे वळले. "तुमच्या दुधात काही खोट नाही. काढून ठेवत राहा."

आई तोंडावर पदर घेऊन रडली.

डॉक्टर गेल्यावर प्लंबर मोठ्या सिस्टरसमोर येऊन उभा राहिला. "चुकलं माझं. उगाच आळ घेतला तुमच्यावर."

झाकली मूठ तशीच ठेवता आली असती. नऊ वाजता पाहणारंही कुणी नव्हतं.

"आळ खोटा ठरला, दादा. पण संशय रास्त होता तुमचा. फोनवर बोलत दूध दिलं मी. नळी तपासल्याचं मला आठवत नाही."

त्याच्या चेहऱ्यावरचा ओशाळेपणा गेला. तो तिच्याकडे बघत राहिला, मग तिच्या हातांकडे.

तेवढ्यात भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. आई दूध काढायला शेजारच्या खोलीत गेली. शिरेतून द्यायच्या पोषणाची बाटली लावायची वेळ झाली होती, आणि अशा वेळी नातेवाइकांना आत थांबू द्यायचं नाही, हा नियम मोठ्या सिस्टरचाच. प्लंबर जागचा हलला नाही.

तिने कोपऱ्यातलं स्टूल ओढून खाटेजवळ ठेवलं.

"इथे बसा," ती म्हणाली. "इथून माझे हात दिसतात."