रेंज या शब्दाचं खानदान

मूल शहराच्या पुढं, जंगलाला लागून आमचं गाव. मोबाईलला रेंज येते ती फक्त तलावाच्या पाळीवरच्या एका दगडावर. तिथं नंबर चपलेनं लागतो. एक चप्पल, दहा मिनिटं. नंबर अर्धवट सोडून गेला तर आठ दिवस बंद. नियम लटारूभाऊंचा, आणि ते कायम पाळीवरच बसलेले असतात.

विनोद वनरक्षक भरतीची तयारी करून राह्यला. रोज संध्याकाळी तो दगडावर बसून, हातातली वही मिटून, मयुरीला एका इंग्रजी शब्दाचं खानदान सांगतो. मयुरी मोबाईलमध्ये पाहत मान हलवते. माझ्यासमोर तिनं एकदाच मान हलवली, तेव्हा मानेवर मुंगळा होता.

त्या दिवशी शब्द होता रेंज.

"जुन्या फ्रेंचमधला," विनोद म्हणाला. "आधी अर्थ ओळ. मग बंदुकीची गोळी पोचते तेवढं अंतर. मग बंदुकीची गोळी पोचते तेवढं अंतर. मोबाईलची रेंज त्याच्यानंतरची."

"म्हणजे आपली रांगच झाली न बा," लटारूभाऊ म्हणाले.

"नाई भाऊ, तो योगायोग."

मयुरी हसली. योगायोगावर कोण हसतं?

दुसऱ्या दिवशी मी घरातल्या सगळ्या चपला उचलल्या. आईच्या, बाबांच्या, पाहुण्या आलेल्या केसरबाईच्या, माझ्या. नववी कोणाची होती ते अजून समजलं नाही. विनोद यायच्या आधीच सगळ्या रांगेत लावल्या.

"हेमराज, नऊ नंबर काऊन?" लटारूभाऊंनी विचारलं.

"नऊ जणांसंग बोलाचं आहे, भाऊ."

विनोदनं रांग पाह्यली आणि मयुरीसोबत लांब मोहाच्या झाडाखाली जाऊन बसला. दोघंच. तिथं रेंज नाही, म्हणजे मधात कोणाचा फोनही येणार नव्हता. मी दगडावर. दीड तासाची ही सोय मीच करून दिली होती.

चौथ्या चपलेला मी विनोदची चूक शोधायला डिक्शनरी उघडली. सगळं बरोबर निघालं. सातव्या चपलेला सापडलं: रेंज म्हणजे स्वयंपाकाची मोठी चूलही. दोन चपला सोडून मी धावलो, अनवाणी. मागून लटारूभाऊंनी आठ दिवस जाहीर केले.

"चूल राह्यली," मी म्हणालो.

"चूल उद्या आहे," मयुरी म्हणाली. "वही माझी. त्याले रोज अर्धं अर्धंच देऊन राह्यली, जास्त दिलं की विसरते."

म्हणजे शिकवत ती होती. मी समजत होतो त्यापेक्षा हे वाईट होतं.

"तुले बी शिकाचं असंन तर बस."

विनोद लगेच जागा द्यायला सरकला. तिच्याच बाजूला.