मॅव्हिसच्या खटल्याची फीत

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, आणि खरं सांगायचं तर वैतागलेला आहे. उत्तर इंग्लंडमधल्या एका गिरणगावच्या न्यायालयात माझी अठरा वर्षं गेली. बोललेला शब्द न् शब्द फितीवर उतरवायचा, हे माझं काम. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. पुढे लोक माझ्यावर चहाचे कप ठेवू लागले.

एका मार्चमध्ये मॅव्हिस क्रॅब्ट्री आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. दारू प्यायलेल्या घरमालकाने खोलीत घुसून गळा धरला, म्हणून आपण हाताला लागलेली किटली त्याच्या डोक्यात घातली, असं ती सांगत होती. तो म्हणत होता, बाईच अंगावर आली. निकाल बारा सामान्य माणसांच्या ज्यूरीने द्यायचा होता आणि त्यांना कायदा समजावायचा न्यायाधीशांनी.

न्यायाधीश म्हणाले, "आपण जीव वाचवत होतो, हे या बाईंनी तुम्हाला पटवून द्यायला हवं."

चूक! साफ चूक! ती जीव वाचवत नव्हती, हे सरकारी पक्षाने पटवून द्यायचं असतं. मी ते वाक्य जसंच्या तसं टिपलं. ज्यूरीने तिला दोषी ठरवलं. तीन वर्षं कैद झाली.

तिचे वकील टॉलबट यांनी याच वाक्यावरून अपिलाचा अर्ज केला. पण फितीवरून टाइप करणाऱ्या बाईंना वाटलं, साहेब असं चुकीचं बोलतीलच कसे? त्यांनी वाक्य 'सुधारून' टाइप केलं. झालं! अर्ज फेटाळला गेला.

मॅव्हिसची बहीण एनिड दर आठवड्याला न्यायालयाच्या कचेरीत येऊ लागली.

"बाई, कागदावर तसं काहीच नाही," कारकून म्हणायचा.

"कागद घाला चुलीत! हे यंत्र इथेच होतं ना? मग लावा की ती फीत!"

"तशी पद्धत नाही."

"माझी बहीण तुरुंगात बटाटे सोलतेय आणि तुम्ही मला पद्धत शिकवताय होय?"

हे सगळं माझ्यासमोर चाललं होतं, मित्रांनो! सगळं माझ्या पोटात होतं, पण बटण कोण दाबणार?

टॉलबटनी हट्ट सोडला नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा पत्रं. अखेर मला लंडनला नेलं. तीन न्यायाधीशांसमोर फीत लागली.

"पुन्हा लावा," मधले म्हणाले. पुन्हा ऐकून त्यांनी लेखणी खाली ठेवली. "टॉलबट, बसा. आता तुम्हाला काही बोलायची गरज नाही."

शिक्षा रद्द झाली. पण तोवर मॅव्हिसचे चौदा महिने तुरुंगात गेले होते आणि शाळेतल्या तिच्या जागी दुसरी बाई लागली होती. निघताना ती माझ्यापाशी थांबली.

"एवढं ठाऊक होतं तुला," ती म्हणाली, "आणि कुणी विचारलंसुद्धा नाही!"

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण कुणी कळवळून म्हणालं, 'एकदा ऐकून तर बघा', तर त्याला पद्धत सांगू नका. आधी ऐका. त्या दिवशी, दोनदा ऐकूनसुद्धा, चार मिनिटंही लागली नव्हती.