दोन हजार वॅटची कुजबुज

बाबांनी पाटीवर लिहिलं, "२००० वॅट." खाली दोनदा रेघ ओढली आणि पाटी माझ्यासमोर धरली. मी अमरावतीच्या आयटीआयमध्ये पोरांना वायरिंग शिकवते, त्यामुळे घरात करंटचा विषय निघाला की तो माझ्याच गळ्यात पडतो. पण वॅट मागणारे बाबा मी पहिल्यांदाच पाहत होते.

माझे वडील पंजाबराव म्हणजे भातकुलीजवळच्या आमच्या गावातले झडतीवाले. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की दोन आळ्यांचे गडी एकमेकांना चिमटे काढणारी कवनं ओरडून म्हणतात, त्या झडत्या. ज्याच्या झडतीला उत्तर मिळत नाही, त्याची जोडी तोरणाखालून पहिली जाते. खालच्या आळीकडून बाबा आणि वरच्या आळीकडून रामराव, अशी चाळीस वर्षं चालली होती. माघात बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. उरली ती नुसती फुसफुस, आणि तिची बाबांना इतकी लाज वाटायची की सात महिने ते घरातसुद्धा पाटीवरच बोलत होते. "चंदे" अशी हाकही बंद झाली. मला याचा फार राग यायचा, आणि तो काढावा कोणावर हे कळायचं नाही.

आता दोन हजार वॅट मागणारा माणूस पोळ्याला येणार, हे उघड होतं. मला इतका आनंद झाला की मी पुढचामागचा विचार न करता हो म्हणून बसले.

माझा भाऊ अमोल दुसऱ्याच दिवशी अकोल्याहून सामान घेऊन आला. अॅम्प्लिफायर, दोन स्पीकर, माइक, आणि गव्हाच्या कोठीएवढा सबवूफर. खोक्यावर दोन हजार लिहिलं होतं, पण खोक्यावर काय, काहीही लिहितात. आत खरे आठशे निघाले. तरी बारा व्होल्टवर आठशे वॅट म्हणजे सत्तर-ऐंशी अँपिअर, आणि हे सगळं तोरणापाशी न्यायचं होतं ते आमच्या म्हाताऱ्या बोलेरोतून, जिच्यात नुसते दिवे लावले तरी अल्टरनेटर उसासे टाकतो.

मी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर नकाशा काढला. मागच्या सीटखाली दुसरी बॅटरी, तिथवर अंगठ्याएवढी जाड तांब्याची केबल, शंभर अँपिअरचे फ्यूज, आणि निगेटिव्हसाठी बॉडीचा रंग खरवडून उघडं पाडलेलं लोखंड. काढता काढता मी गाणं गुणगुणत होते असं अमोल सांगत फिरतो. खोटं आहे. मी शिट्टी वाजवत होते.

मदतीला नत्थुजी आले. पंचक्रोशीतल्या विहिरींवरच्या सगळ्या मोटारी त्यांनी जोडलेल्या, त्यामुळे त्यांना माझा नकाशा पसंत पडणं शक्यच नव्हतं.

"फ्यूज सीटजवळ लाव, बाई," ते म्हणाले. "मानसाचा हात पुरला पाह्यजे."

"काका, फ्यूज बॅटरीपासून एक वीत. मधात कुठं तार घासली तं गाडी पेटन ना."

"माह्या मोटारी पेटल्या का आजवर?"

"तुमच्या मोटारीत फ्यूज असते कुठं? तांब्याचा तुकडा पिळून ठेवता तुमी."

नत्थुजी केबलच्या टोकांना तांब्याच्या टोप्या, म्हणजे थिंबल, बसवू लागले. एक गोष्ट मात्र मी सगळ्यांकडून पाठ करून घेतली. सिस्टीम चालू असेपर्यंत इंजिन चालूच ठेवायचं, नाहीतर दोन्ही बॅटऱ्या बसतील. बाबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. उभ्या गाडीत डिझेल जळताना त्यांना कधीच बघवलेलं नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीला, आम्ही चाचणी घेतली. अंगणात आमची बैलजोडी, हौश्या आणि मण्या, खांद्यावर तूप-हळद लावून घेत डोळे मिटून उभे होते. बाबांनी माइक हातात घेतला. बोलायचं धाडस काही होईना. शेवटी त्यांनी माइकवर नुसती एक फुंकर मारली.

ती फुंकर सबवूफरमधून बाहेर पडली तेव्हा गोठ्यावरचे टिनपत्रे हलले. हौश्यानं दाव्याला हिसडा दिला, दावं तुटलं, आणि हळद माखलेला बैल कुंपण मोडून शेजाऱ्यांच्या तुरीत घुसला. मागोमाग अमोल, त्याच्यामागे एक चप्पल हातात घेऊन नत्थुजी. मण्या जागचा हलला नाही. त्यानं फक्त शेपूट वर केलं आणि नवीन केबलवर जे करायचं ते केलं.

आम्ही बॅटऱ्या मोजल्या, केबल मोजली, फ्यूज मोजले. बैलांच्या सणाला निघालो आणि बैल मोजायचे राहिले, ते पण पिढीजात शेतकऱ्यांकडून. मी हसता हसता मटकन खाली बसले. मग बाबांच्या हातातली पाटी दिसली आणि माझं हसू आटलं. "राहू दे. सारे बैल उधळतील. मी येत नाही." एवढं लिहून ते आत गेले.

मला रडू आलं नाही, संताप आला. त्याच तिरमिरीत मी सबवूफरची तार उपटून काढली आणि अॅम्प्लिफायरचं बटण जवळजवळ शून्यावर आणलं.

"इतक्या हळू आवाजात कोन आयकन?" नत्थुजींनी विचारलं.

"जो चूप बसन, त्याले आयकू येइन."

पोळ्याला बाबांना मी नाही, हौश्यानं आणलं. काल घाबरल्यापासून तो दुसऱ्या कोणाच्या हाताला येईना. बाबा कासरा धरून खाली मान घालून चालले, आणि मागून मी बोलेरो हळूहळू आणली. गाड्यांच्या, ट्रॅक्टरच्या घरघरीची बैलांना सवय असते.

तोरणाखाली रामरावांनी पहिलीच झडती अशी ठोकली की पारावरची कबुतरं उडाली. मग ते आमच्याकडे वळले. "काहून, खालच्या आळीचं सरलं काय?"

मी गाडीतून वाकून बाबांच्या हातात माइक दिला.

पहिल्यांदा कोणालाच काही कळलं नाही, कारण डफडी वाजत होती. पण स्पीकरजवळच्या माणसांनी मान वळवली, मग त्यांनी आपल्या मागच्यांना गप्प केलं, आणि ती शांतता मागे मागे सरकत पार शाळेच्या भिंतीपर्यंत गेली. डफडी थांबली. बाबांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, कानात सांगितल्यासारखी.

"बैलाच्या पाठीवर नक्षीची झूल,
रामरावच्या गळ्यात फाटका ढोल,
माह्या गळ्यातला सरला बोल,
तरी काळ्या मातीत अजून हाय ओल."

एकही बैल हलला नाही. हौश्या तर डोळे मिटून होता.

रामरावांनी छाती भरून श्वास घेतला. आता हा माणूस एका आरोळीत आमचा निकाल लावणार, असं मला वाटलं. त्यांनी तो श्वास सोडून दिला, चालत बाबांजवळ आले, त्यांच्याच हातातल्या माइकला तोंड लावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजले.

"गळा माहा मोठा, तुही गाडी मोठी,
पंजाबा, तुह्याबिगर माही झडती खोटी."

मग म्हणाले, "घे बापा, पहिली जोडी तुही." तीनशे माणसांनी हर हर महादेव केलं ते कुजबुजत, आणि तसं करताना एकमेकांकडे बघून त्यांना हसू आवरेना. मीही हसत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं ते मी पुसलं नाही. सवयीनं मागच्या सीटखालच्या फ्यूजला हात लावून पाहिला तर तो गारच होता. एवढ्या वॅटांतले वीससुद्धा लागले नसतील.

बाबांनी कासरा उचलला. दोन पावलं गेले आणि थांबून मागे वळले. माइक अजून त्यांच्या हातात होता आणि चालू होता, हे त्यांच्या लक्षातच नव्हतं.

"चंदे," साऱ्या गावाला ऐकू आलं, "इंजन बंद कर. डिझेल जळून राह्यलं."