आज कुणाच्या गल्लीला पाणी?

झरीच्या पलीकडल्या त्या गावात रामहरीला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. गावाचं पाणी तोच सोडायचा, तेही रोज एकाच गल्लीला; एकेका गल्लीची पाळी आठवड्यानं यायची. त्यामुळं तो चहाला बसला की जो तो विचारणार, "रामहरी, उद्या कुठं पाणी?" आणि हा गडी फुशारकीनं सांगणार. लपवायचं होतं तरी काय त्यात!

पाणी आलं की गल्लीत नुसता गोंधळ. दारं सताड उघडी, बाया नळावर, आणि नळाला लावलेल्या मोटारींची घरघर अशी की शेजारी कुणी बोंबललं तरी ऐकू येऊ नये. अशाच गोंधळात मागच्या खेपेला मारुतीच्या गल्लीत कुणीतरी पार्वतीबाईच्या घरात शिरलं आणि म्हातारीच्या कानातली फुलं ओढून नेली. दोन्ही कान फाटले. ती अजून दवाखान्यातच होती, तोंडातून शब्द काढत नव्हती. त्याआधी कुंभारगल्लीत कपाट फुटलं, तेही पाण्याच्याच दिवशी. गाव म्हणालं, चोराचं नशीब लय बळकट हाय.

रामहरीही तेच म्हणाला होता. आज दुपारी गावाबाहेरच्या टाकीपाशी आपल्याच गल्लीच्या पाण्याचा वॉल खोलून तो लिंबाखाली टेकला, तंबाखू मळायला लागला आणि त्याला तो शेगडी दुरुस्तीवाला आठवला. गोड बोलणारा माणूस. स्टँडजवळ खोली करून राहत होता. रोज चहा पाजून विचारायचा, "मामा, उद्या कुठं पाणी?" कुंभारगल्लीच्या आधी विचारलं होतं, मारुतीच्या गल्लीच्या आधीही. काल तर दोनदा.

पण स्टँडजवळ राहणाऱ्याला या गल्ल्यांच्या पाण्याचं काय करायचंय?

रामहरीच्या हातातली तंबाखू खाली सांडली. घरी माय होती, धुरपदाबाई, अंगावरून वारं गेल्यापासून खाटेवर पडलेली. कानातल्या सोन्याच्या कुड्यांना ती मेल्याशिवाय हात लावू देणार नव्हती. "आरं देवा, म्याच सांगितलं की त्याला!" त्यानं बायकोला, सविताला, फोन लावला. मोटारीच्या आवाजात तिला काय ऐकू येणार, कपाळ! पळत निघालं तरी घर लांब. पाणी तोडलं तर मोटारी थांबतील, बाया घरात जातील, असं त्याला वाटलं. त्यानं वॉल करकचून बंद केला आणि धूम ठोकली.

बाया घरात गेल्याच नाहीत. हंडे घेऊन त्या सगळ्या टाकीकडं निघाल्या आणि अर्ध्या वाटेत त्यांनी त्याला गाठलं.

"डोस्कं फिरलं का रं तुजं? माजा ड्रम अर्धाबी भरला न्हाई!"

घोळक्यात सविताही होती. 

"मायजवळ कोन हाय?" तो ओरडला.

"आसं काय करायलाव? तुमीच धाडलाव न्हवं त्या शेगडीवाल्याला?" सविता म्हणाली. "मामी, तुमी बिनघोर पाणी भरा म्हणला, मी बसतो आजीजवळ. लय चांगला मानूस हाय. धूळ येती म्हणून दारबी लावून घेतलं त्यानं."

रामहरी तिला ढकलून पळत सुटला. गल्लीत सगळी दारं उघडी होती, त्याच्या घराचं तेवढं बंद. आत काय चाललंय ते ऐकायला एकही बाई मागं उरली नव्हती. पाणी तोडून गल्ली त्यानंच रिकामी केली होती.