धुऱ्यावरचे वळण

“बाई, नांगर वर घ्या. धुऱ्यावर घासून राह्यला थो.”

गजालाने मान वर केली. परतवाड्याच्या बसस्थानकासमोर तिचे संगणकदुरुस्तीचे दुकान होते. काउंटरपलीकडे साठीकडे झुकलेला, कमरेला औषधी पट्टा बांधलेला एक माणूस मोबाइलमध्ये पैसे भरायचे विसरून तिच्या पडद्याकडे पाहत उभा होता. दुरुस्त केलेले यंत्र दमाचे आहे की नाही, हे तपासण्यासाठी ती एक खेळ लावून पाहत असे. त्यात कुठल्याशा परमुलखातले शेत होते, लाल ट्रॅक्टर होता आणि त्यामागे नांगर होता. शेतीशी तिला काही कर्तव्य नव्हते. चित्र न अडखळता चालले की यंत्र गिऱ्हाइकाच्या हवाली करायचे, एवढेच तिला त्यातून हवे असे.

“काका, गेम हाय हा. याच्यात काई मोडत नाई.”

“नसन मोडत. पन धुरा दुसऱ्याचा असते ना? तुमी त्याचा बांध फोडून राह्यल्या.”

गजाला हसली आणि तिने कळफलक त्याच्याकडे फिरवला. “घ्या. तुमीच वाचवा त्याचा बांध.”

त्याने चार कळा चुकवल्या, पाचवी सापडली. ट्रॅक्टर शेताच्या कडेला आला. नांगर वर उचलून त्याने वळण घेतले आणि वळता वळता उजव्या खांद्यावरून स्वतःची मान मागे वळवली. मागे बसस्थानक होते आणि उसाच्या रसाची गाडी होती.

“काका, मागं काय पाहता? नांगर इथं हाय, पडद्यात.”

तो ओशाळला, पण पुढच्या वळणावर त्याने पुन्हा तेच केले.

ट्रॅक्टर चालवणारा माणूस पुढे पाहतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा नसला तरी अपुरा आहे. पुढे केवळ दिशा असते. काम मागे होत असते. फाळ किती खोल गेला, ढेकूळ कसे पलटले, नांगराचे तास सरळ पडले की वाकडे, यांपैकी काहीही पुढे दिसत नाही. म्हणून चांगला चालक वारंवार मागे पाहतो, आणि वळणावर तर पाहतोच पाहतो. काउंटरपुढच्या या माणसाची, भगवंताची, मान तरुणपणापासून अशी वळत आली होती. चांदूर बाजारजवळच्या आपल्या गावी त्याने जन्मभर ट्रॅक्टर चालवला आणि तो सगळा दुसऱ्यांचा चालवला. एका मालकाने ट्रॅक्टर विकून टाकला, दुसऱ्याचा वित्तकंपनीने ओढून नेला, तिसरा जमीन मक्त्याने देऊन अमरावतीला मुलाकडे राहायला गेला. त्या वर्षांत गावातल्या ट्रॅक्टरांचे धनी भराभर बदलत होते; सीटवर भगवंत मात्र तोच होता. अखेर त्याच्या मणक्यांमधली एक चकती सरकली. अमरावतीच्या डॉक्टरने एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरून सांगितले की यापुढे खुर्ची चालेल, पलंग चालेल, ट्रॅक्टरची सीट चालणार नाही.

“असा डब्बा बनवून भेटन काय?” त्याने विचारले. “नवा नाई. जुन्या सामानाचा.”

“बनन ना. मी तेच तं करते. पन या गेमसाठी ग्राफिक्स कार्ड लागते, तेवढं माह्यापाशी नाई.”

“म्हन्जे इंजन?”

गजालाने क्षणभर विचार केला. “इंजन नाई. इंजन तं कोनत्याबी डब्ब्यात असते. हे समजा तुमच्या ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक. थे नसन तं ट्रॅक्टर चालन, पन नांगर उचलनार नाई.”

“समजलं,” भगवंत म्हणाला. इतके चोख स्पष्टीकरण त्याला डॉक्टरकडूनही मिळाले नव्हते.

घरी इंदूबाईला मात्र ते समजले नाही.

“लेकराईचं खेळनं घेता काय आता? लोक काय म्हनतीन?”

“लोक काय आताच म्हनून नाई राह्यले?”

लोक जे म्हणत होते ते तिलाही ठाऊक होते. गावात ट्रॅक्टरचा आवाज आला की भगवंत ताटावरून उठून शेताकडे चालू लागे, धुऱ्यावर उभा राही आणि नव्या चालकाला, श्यामला, सूचना देई. श्याम चांगला मुलगा होता. त्याने पुष्कळ दिवस ऐकून घेतले. मागच्या हंगामात मात्र त्याने भर शेतात, मजुरांच्या देखत, इंजिन बंद केले. “काका, मालकानं मले ठेवलं. तुमी घरी बसा ना आता,” एवढेच तो बोलला. त्यात उद्धटपणा नव्हता, आणि नेमके तेच भगवंताला लागले. उद्धट माणसाशी भांडता तरी आले असते. त्या दिवसापासून त्याचे शेतात जाणे थांबले. मात्र आवाज आला की तो अजूनही ताटावरून उठे आणि दारापर्यंत जाऊन उंबऱ्याशी उभा राही. आवाज विरून गेल्यावर परत येई, तोवर भाकर वातड झालेली असे.

इंदूबाईने ती भाकर आठवली. उन्हाळी नांगरणी आता फार दूर नव्हती.

“बरं, आना,” ती म्हणाली. “पन ट्रॅक्टर निंघाच्या आधी आना.”

मग यंत्र जुळू लागले. पेटी चांदूर बाजारात बंद पडलेल्या एका सायबर कॅफेची मिळाली; तिच्या अंगावर कुणी तरी कर्कटकाने बदाम कोरला होता, आणि तो बदाम भिंतीकडे ठेवायचा, असे इंदूबाईने तेव्हाच ठरवून टाकले. वीज पुरवणारा डबा गजालाच्या माळ्यावर पडून होता. पडद्यात वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ होती आणि ती जाणार नव्हती. “ही तेवढी राहीन, काका,” गजाला संकोचून म्हणाली. “राहू दे, पोरी. तास सरळ धराले कामी येईन,” भगवंत म्हणाला. ‘बाई’ची ‘पोरी’ कधी झाली, हे दोघांच्याही ध्यानात आले नाही.

राहिले कार्ड. त्यासाठी गजालाने नवरा-बायकोला अकोल्याला आपल्या मामाकडे धाडले. मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरात, रऊफमियांचे मोडक्या-जुन्या यंत्रांचे दुकान होते. बसमध्ये इंदूबाईने आपली घडी केलेली चादर नवऱ्याच्या कमरेमागे कोंबली आणि प्रवासभर ती कोपराने दाबून धरली.

रऊफमियांनी दोन कार्डे पुढ्यात ठेवली. पहिले काचेसारखे लखलखीत होते. दुसऱ्याच्या पंख्यात पांढरा कापूस अडकून त्याचा नमदा झाला होता.

“भाऊ, माहं ऐका, हे कपासवालं घ्या. बंद झालेल्या जिनिंगच्या हापिसातलं हाय. मालकाचा पोरगा तिथं बसून गेमा खेळे, थेबी बाप चहाले गेला तवाच. मेहनत नाई याले. आन हे दुसरं पाहा, किती चकाचक. मले याचाच डाऊट हाय. विकनाऱ्यानं धुतलं काहून?”

हा युक्तिवाद भगवंताला पटायला हवा होता. धुऊनपुसून बाजारात आणलेला ट्रॅक्टर तेलाची गळती लपवतो, हे तो स्वतः लोकांना सांगत आला होता. पण त्याने जन्मभर कापसाच्या ट्रॉल्याही ओढल्या होत्या. धुराड्यातली एक ठिणगी, आणि भरलेली ट्रॉली पाणी आणेपर्यंत उरत नाही, हे त्याने जिनिंगच्या रांगेत डोळ्यांनी पाहिले होते. तापणारे यंत्र आणि कापूस ही दोन शक्य तितकी लांब ठेवायची, ही त्याची श्रद्धा होती. आणि श्रद्धा युक्तिवादाने हलत नाही.

“कपाशीवालं नाई पाह्यजे. घर पेटन. जल्मभर कापूस ओढला म्या.”

“अरे भाऊ, ब्रशनं निंघते थे.”

“निंघालं असं दिसते. आतमंधी राह्यते.”

“तुमी कापूस ओढता का कापसाले भेता?”

“ओढतो म्हनूनच भेतो.”

रऊफमियांनी हात टेकले आणि लखलखीत कार्ड बांधून दिले. निघताना मात्र त्यांनी दुसरे कार्ड जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून इंदूबाईच्या पिशवीत टाकले. “भाभी, हे असू द्या. पैले नाई चाललं तं हे लावा. चाललं तं गजालापाशी ठेवून द्या, माहं माह्याकडं येते.” भगवंत तेव्हा बाहेर ऑटोवाल्याशी वाद घालत होता.

दुसऱ्या दिवशी गजालाच्या दुकानात सगळे भाग एकत्र आले; इंदूबाईही पिशवी घेऊन आली. तिने पेटी मिटली, खेळ लावला. ट्रॅक्टर आला, शेत आले. भगवंताने खुर्ची ओढली आणि नांगर टेकवला. पहिले तास अर्ध्यावर असतानाच आभाळाला जांभळे पट्टे पडले, मग जमिनीला पडले, आणि मग ट्रॅक्टर, नांगर, शेत सगळे एकात एक मिसळून पडदा थिजला. गजालाने पुन्हा चालू केले. पुन्हा तेच झाले.

“गेलेलं हाय हे,” ती म्हणाली. “कोनीतरी भट्टीत भाजून सुटलेले टाके चिकटवले, तात्पुरतं जिवंत केलं, मंग धुवून चमकवलं.”

भगवंताने दोन्ही हात मांडीवर ठेवले. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर परतवाड्याच्या बाजाराकडे गेला आणि त्याची मान सवयीने तिकडे वळली. नांगरणी आठवड्यावर आली होती. इंदूबाईने ती वळलेली मान पाहिली आणि पिशवीतून पुडके काढले.

“हे लावून पाह्य, माय.”

“हे कुठून आनलं तू?” भगवंताने विचारले.

“तुमी ऑटोवाल्याले शहानपन शिकवत होते, तवा.”

गजालाने पंखा सोडवला. ब्रश फिरवताच वरचा थर निघाला, पण पात्यांच्या मुळाशी तंतू घट्ट बसले होते. त्या एका मुद्द्यावर भगवंताचे खरे ठरले. तेव्हा इंदूबाईने ते कार्ड आपल्या हातात घेतले. वेचणीच्या हंगामात तिची बोटे आयुष्यभर बोंडांतून फिरली होती. चिमटीत धरायचे, किंचित पिळायचे आणि मागे काही न ठेवता ओढून घ्यायचे, ही कला बोटे विसरत नाहीत. ती दारातल्या उजेडाशी बसली आणि तिने पंख्यातला कापूस वेचला. भगवंत तिच्यापुढे वाकून पाहत राहिला.

“त्या कोपऱ्यात हाय अजून.”

“दिसून राह्यलं मले.”

“खालच्या पात्याले—”

“मी काय श्याम हावो?” ती म्हणाली.

गजालाने तोंड फिरवून हसू लपवले. भगवंत मात्र उघड हसला. त्या हंगामानंतर श्यामच्या नावावर तो प्रथमच हसला होता, आणि ते इंदूबाईने मनात टिपून ठेवले.

कार्ड बसले. पंखा फिरला. कुठून तरी उरलेली कापसाची एक म्हातारी हवेत उडाली आणि तरंगत तरंगत इंदूबाईच्या पदरावर येऊन बसली. पडद्यावर शेत आले आणि राहिले. नांगराचे एक तास पुरे झाले, दुसरे झाले, आभाळ निळेच होते. बाहेरचे गिऱ्हाईक खोळंबले, तरी गजालाने भगवंताला उठवले नाही.

“काका, मागं पाहाची कळ ही,” तिने दाखवले. “ही दाबली की मागचं दिसते. मान फिरवाचं काम नाई.”

“बरं,” तो म्हणाला आणि वळणावर मान फिरवून त्याने उसाच्या रसाच्या गाडीकडे पाहिले.

यंत्र घरी आले. बदाम भिंतीकडे गेला, पडदा खिडकीच्या बाजूला गेला आणि इंदूबाईची निवडण्या-टिपण्याची जागा त्याच्या खुर्चीच्या थेट मागे आली. खोलीत दुसरी जागाच नव्हती. सकाळची वीज असे तोवर तो नांगरत असे. त्या परमुलखात कपाशी नाही, गहूच गहू आहे, याबद्दल तो रोज तक्रार करी आणि रोज तो गहू पेरी. धुऱ्यालगतची एक पट्टी तो न नांगरता सोडत असे. खेळाला त्याची गरज नव्हती, पण पलीकडचे शेत कुणाचे तरी असणारच, असे त्याचे म्हणणे होते.

चैत्र संपता संपता एका सकाळी श्यामचा ट्रॅक्टर गल्लीतून निघाला. आवाज लांबून आला, घराच्या भिंतीला लागून घुमला. इंदूबाई ज्वारी निवडत होती. तिचा सुपातला हात थांबला. भगवंताच्या बाजूला ताट होते, त्यात भाकर अर्धी खाल्लेली. त्याने कान दिला.

“दुसऱ्या गेरात काढाचा होता,” तो म्हणाला.

आवाज दाराशी आला, पुढे गेला, शेतांकडे वळला आणि विरला. खुर्ची हलली नाही. भगवंताने भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला, पडद्यावरची हिरवी रेघ बांधावरच्या झाडाशी जुळवली आणि तास शेवटपर्यंत नेले. धुरा आला. त्याने नांगर वर उचलला, वळण घेतले आणि उजव्या खांद्यावरून मान मागे वळवली.

मागे इंदूबाई होती.

“सरळ हाय ना?” त्याने विचारले.

तिने पडद्याकडे पाहिले नाही. सुपातला खडा उचलून बाजूला ठेवला.

“सरळच हाय,” ती म्हणाली. “तुमी पुढं पाहा.”

त्याने मान पुढे केली आणि नांगर खाली टेकवला.